तिथी बघा, मग पुळणीवर चला

पावसाळ्यात महाडमध्ये भरतीची वेळ सगळ्यांच्या तोंडी असते. सावित्री आणि गांधारीचं पाणी चढायला लागलं की बाजारपेठेत पहिला प्रश्न हाच, भरती किती वाजता? वरून डोंगराचं पाणी उतरतंय आणि खालून खाडीची भरती त्याला अडवतेय, असं जुळून आलं की पाणी गावात शिरतं. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर तर शाळकरी पोरांनाही हा हिशेब कळायला लागला. गणपती होऊन गेले, नदी उतरली, की मात्र आपण भरती विसरतो. तिची पुन्हा आठवण होते ती पुढच्या जूनमध्ये.

माझं सांगणं एवढंच आहे, की जी वेळ आपण पावसात धास्तीने बघतो तीच दिवाळी ते होळी या दिवसांत चालण्यासाठी बघावी. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरहून आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेने जाते आणि दासगाव, आंबेत-म्हाप्रळ करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रायगडातलं हरिहरेश्वर, दक्षिणेला रत्नागिरीतलं बाणकोट आणि वेळास. इथून वर दिवेआगरपर्यंत आणि खाली दापोलीच्या मुरुडापर्यंत सपाट वाळूच्या लांब पुळणी आहेत. महाडहून यातल्या बहुतेक ठिकाणी गाडीने दोन-अडीच तासांत पोहोचता येतं. कारखान्यात आठ तास काँक्रीटच्या जमिनीवर, सेफ्टी शूज घालून उभं राहणाऱ्या माणसाच्या पायांना ओल्या वाळूसारखी दुसरी जमीन मिळणार नाही. तरी आपल्यातले बरेच जण तिथे जातात, मासे खातात, फोटो काढतात आणि परततात. चालणं राहून जातं. याचं मुख्य कारण म्हणजे सुट्टी बघून निघालेलं असतं, तिथी बघून नाही. पोहोचावं तर समुद्र सुरूच्या झाडांना येऊन टेकलेला, आणि चालायला उरलेली जागा म्हणजे घोट्यापर्यंत पाय जाणारी कोरडी वाळू.

कोकणातला जुना हिशेब अगदी सोपा आहे. शुक्ल असो की वद्य, त्या पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येतो साधारण त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि रात्री तीनला. अष्टमीची सहा. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी तिथी धरायची, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, तिलाच किनाऱ्यावरची मंडळी सुकती म्हणतात. रोज ही वेळ पाऊण तास ते तासभर पुढे सरकते. हिशेब ठोकळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर त्या गावची भरती-ओहोटी एकदा बघून घ्या. पण पुढच्या महिन्यातली कुठली रजा टाकायची हे भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभं राहून ठरवायचं तर पाऊणपटीचा हिशेब पुरतो.

आता हाच हिशेब चालणाऱ्याच्या बाजूने लावून बघा. संध्याकाळी चार ते साडेसहा चालायचं असेल तर त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. या दिवशी ओहोटी चार ते साडेपाचच्या सुमारास पूर्ण होते. सकाळी चालायचं असेल तर प्रतिपदा ते चतुर्थी, कारण तेव्हा सुकती सातपासून सव्वानऊपर्यंत येते. षष्ठी ते नवमी हे दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला गैरसोयीचे. सकाळीही भरती, संध्याकाळीही भरती, आणि ओहोटी नेमकी भर उन्हात. या दिवसांची भरती भांगाची असते, पाणी फार वर चढत नाही, त्यामुळे थोडी पट्टी मोकळी राहते हे खरं. पण लांबवर चालायची मजा तिच्यात नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. ओहोटीला समुद्र खूप आत जातो आणि भरतीला तितकाच वर येतो. म्हणून उधाणाच्या दिवशी चपला, पिशव्या, दुचाकी यातलं काहीही वाळूवर सोडून जाऊ नका. चारचाकी तर कधीच पुळणीवर उतरवू नका. वाळूत चाकं रुतली आणि भरती लागली की गाडी बाहेर काढणं अवघड होतं, आणि गाडीतून गळलेलं तेल तिथेच राहतं.

चालायची वेळ म्हणजे पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत. एवढ्यात आरामात आठ किलोमीटर होतात.

वाळू कशी ओळखायची तेही सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. लाट मागे गेल्यावर जी ओली पट्टी उघडी पडते तिच्यावर पाय ठेवा. पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी पडली आणि पाय उचलल्यावर पुन्हा ओली झाली तर वाळू घट्ट बसलेली आहे, तिथे चाला. दाब पडला की घट्ट बसलेले कण किंचित पसरतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून ती पांढरी पडते. पाय ठेवल्यावर वाळू थरथरली, पाणी वर आलं आणि टाच बुडायला लागली तर दोन-चार पावलं जमिनीच्या बाजूला सरका. खाडीच्या मुखाजवळ वाळूत गाळ मिसळलेला असतो, तिथे हे हमखास होतं. पूर्ण कोरड्या वाळूत चालणं हा वेगळाच व्यायाम आहे. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते असं दिसलं. तरुण, धडधाकट माणसाने थोडा वेळ तसं चालायला हरकत नाही. आईवडिलांना मात्र त्यात चालवू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. पुळण कितीही सपाट दिसली तरी समुद्राकडे तिला थोडा उतार असतोच. जाताना एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो, येताना दुसरा. म्हणून गाडी एका टोकाला बोलावून एकाच दिशेने लांब चालण्यापेक्षा गेलो त्याच वाटेने परत यावं. गुडघा किंवा कंबर कुरकुरणाऱ्यांनी हे जरूर पाळावं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी दिवेआगर सुचवीन. माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन या रस्त्याने जायचं. पुळण चारेक किलोमीटर लांब, मोकळी आणि अगदी सपाट आहे. गावातून सुपारीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या थेट वाळूवर उतरतात. शनिवार-रविवारी मधल्या भागात घोडागाड्या आणि पाण्यातल्या खेळांची गर्दी असते, तो भाग मागे टाकून दहा-पंधरा मिनिटं चाललं की किनारा मोकळा होतो. इथेच वाळूकडे वाकून बघावं. ओहोटीला हजारो इवल्या खेकड्यांनी आपल्या बिळाभोवती वाळूच्या गोळ्या रचलेल्या असतात, मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या. वाळूचा घास तोंडात घ्यायचा, त्यातलं खाद्य वेचायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची, असं त्यांचं काम ओहोटीभर चालू असतं. तुमच्या पावलाचा हादरा बसला की सगळे एकदम बिळात. दोन मिनिटं न हलता उभं राहा, पुन्हा बाहेर येतात. मुलांना घेऊन गेलात तर एवढ्याने त्यांची सकाळ भरून निघते.

दिवेआगरचे जुने फोटो बघून गेलात तर सावली तेवढी दाट सापडणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. सुरूची झाडं आडवी झाली, पिढ्यांनी राखलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी गेल्या. नवी रोपं वाढताहेत, पण पोफळीला उत्पन्न द्यायला वर्षं लागतात. म्हणून टोपी आणि माणशी लिटरभर पाणी बरोबर ठेवाच, आणि जेवण गावातल्या घरगुती खाणावळीत घ्या. तो पैसा वाडीतच राहतो. वेळ असेल तर रूपनारायणाचं देऊळ बघा. शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा मराठी ताम्रपट याच गावात सापडलेला आहे.

श्रीवर्धनची पुळण तीनेक किलोमीटरची आणि शहराला लागून. किनाऱ्याने बांधीव वाट आहे, बसायला जागा आहे. म्हातारी माणसं, गरोदर बायका, नुकतं ऑपरेशन झालेली माणसं यांना चालवायचं तर हीच जागा. थकलं की वाळू सोडून वर यावं. एसटीने जाणाऱ्यांनाही हेच सोयीचं. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या आगारात विचारून ठेवावी. दक्षिणेकडे जीवना बंदर लागतं, तिथे कोळी बांधवांचा व्यवसाय चालतो. सुकत घातलेली मासळी आणि पसरलेली जाळी ही त्यांची रोजीरोटी आहे. जाळं ओलांडू नये, लांबून वळसा घ्यावा.

श्रीवर्धनहून दिवेआगरला जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरावी, कोंडिवली, शेखाडी, भरडखोल असा जातो. गाडी थांबवून उतरायचा मोह जागोजागी होतो. थांबा, पण चालायला दिवेआगरच बरं. मध्ये खडक आहेत आणि वाळूचे तुकडे लहान आहेत.

हरिहरेश्वरबद्दल जरा परखडपणे लिहावं लागेल. देवळाजवळची पुळण छोटी आणि चालायला चांगली आहे. पण तिथे जाणारा प्रत्येक जण प्रदक्षिणेच्या वाटेने खडकावर उतरतो. लाटांनी कोरलेले ते कातळ खरोखर बघण्यासारखे आहेत. भरती चढली की तीच वाट पाण्याखाली जाते. शेवाळावर पाय सरकतो, आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी मोठी लाट येते. या खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत. म्हणून प्रदक्षिणा फक्त ओहोटीला, पाणी उतरत असताना करावी. पावसाळ्यात अजिबात नको. तिथल्या पुजाऱ्यांनी किंवा गावकऱ्यांनी ‘आत्ता जाऊ नका’ म्हटलं तर वाद घालू नये, लांबून नमस्कार करून मागे फिरावं.

सावित्रीच्या दक्षिण बाजूला वेळास आहे, आणि मनातून मला सगळ्यात जवळचं तेच वाटतं. राजेवाडी फाट्यावरून म्हाप्रळ, मंडणगड आणि पुढे वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव. पुळण दोनेक किलोमीटरची, तिच्याकडे जायला गावातून चालावं लागतं, आणि किनाऱ्यावर हॉटेलांची रांग नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या थंडीत रात्री इथे येऊन अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची किंवा कोल्ही-कुत्री खायची. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. आज कासवमित्र पहाटे किनारा पायी तुडवतात, मादीच्या खुणांचा माग काढत घरटं शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पिल्लं बाहेर पडतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडली जातात. हे बघायला जाणाऱ्यांनी गावातल्या घरांत मुक्कामाची सोय आधी फोन करून ठेवावी.

या दिवसांत वेळासला चालताना काही गोष्टी पाळाव्यात. अंधारात पुळणीवर जाऊ नये, टॉर्च किंवा मोबाइलचा झोत टाकू नये. प्रकाशाने मादी परत फिरते आणि पिल्लांची दिशा चुकते. भरतीची रेघ जिथपर्यंत येते तिच्या वरची कोरडी वाळू तुडवू नये, कारण घरटी तिथेच असतात. मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांचे वेल उपटू नयेत, वाळू धरून ठेवण्याचं काम ते करतात. आणि चालताना किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या, पिशव्या दिसल्या तर त्यातल्या काही आपल्याच पुलांवरून नदीत पडलेल्या असणार हे ध्यानात घेऊन एक पिशवी भरून वर आणावी.

ज्यांच्या हाताशी पूर्ण दिवस आहे त्यांनी दोन्ही काठ एका फेरीत करावेत. महाडहून म्हाप्रळ, मंडणगड करत वेळास, तिथे सकाळची चाल. मग बाणकोटचा किल्ला, तिथून खाडीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर एका नजरेत दिसतं. वेसवीहून फेरीबोटीत गाडी घालून बागमांडल्याला उतरायचं आणि हरिहरेश्वर, म्हसळा, माणगाव असं घरी यायचं. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचाराव्यात. एकेकाळी हीच खाडी महाडचा हमरस्ता होती. डिसेंबर १९२७मध्ये दुसऱ्या महाड परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने आले ते हरिहरेश्वरावरून दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून मंडळी पाचेक मैल चालत महाडला पोहोचली. मनुस्मृतीचं दहन झालं ते त्याच रात्री, २५ डिसेंबरला. दासगाव ते महाडचं चवदार तळे ही वाट समुद्रकाठची नाही, पण चालण्याची आवड असलेल्या प्रत्येक महाडकराने ती एकदा चालावी असं मला वाटतं. आता तिच्यावर महामार्गाची वर्दळ आहे, तेव्हा पहाटे निघा.

पोलादपूरच्या मंडळींना कशेडीच्या बोगद्यामुळे दापोलीची बाजू जवळ आली आहे. खेड, दापोली करत मुरुड-कर्दे गाठावं. मुरुडापासून कर्द्यापर्यंत सलग पुळण आहे आणि बाजूने रस्ताही आहे, त्यामुळे कुठेही चालणं सोडता येतं. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरुडाचे. मुलगा असताना ते इथून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले होते.

वाऱ्याचंही थोडं. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, हवा थंड आणि समुद्र शांत असतो. दुपारनंतर खारा वारा सुटतो, बहुतेक वेळा वायव्येकडून. म्हणून संध्याकाळी आधी उत्तरेकडे, वारा तोंडावर घेत चाला आणि थकल्यावर येताना तो पाठीशी ठेवा. उलट केलंत तर परतीची वाट दुप्पट वाटते. जून ते सप्टेंबर पुळणीवर चालायचा विचार सोडून द्या. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, किनारा अरुंद होतो, आणि गेलेली वाळू परत बसायला दिवाळी उजाडते.

धोक्याच्या गोष्टी मोजक्याच, पण त्या घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पुळण कापत समुद्राला मिळणारा वहाळ जाताना घोट्याएवढा असतो, भरती लागल्यावर येताना कमरेएवढा होऊ शकतो. तो ओलांडून जाऊच नका. खाडीचं मुख तर ओहोटीलाही ओलांडू नये. चालून अंग तापलं म्हणून पोहायला उतरू नका. घोटाभर पाण्यातून चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेली पाखट आधीच सटकते. तिचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा. वाळूवर पडलेले जेलीफिश, निळे फुगे मेलेले दिसले तरी त्यांना हात लावू नये. पायाला डांबराचे काळे गोळे चिकटले तर खोबरेल चोळा, निघून येतात. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, शिंपल्याने कापलेलं किंवा तापल्या वाळूने भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. पातळ तळव्याचे, घट्ट बसणारे बूट घालावेत. बाकीच्यांनी अनवाणी चालावं, जरूर चालावं, पण सुरुवात अर्ध्या तासाने करावी.

आणि पाळीत काम करणाऱ्यांना कळकळीने सांगतो. सकाळी सातला रात्रपाळी संपवून तसंच गाडीवर बसून किनाऱ्याला निघू नका. तिथी साधायची म्हणून झोप मोडू नका. अशी तिथी दर पंधरवड्याला येते. त्या दिवशी दुपारपर्यंत झोपा, आणि पौर्णिमेच्या आसपासची रजा असेल तर दोनला निघून साडेचार-पाचला दिवेआगरला पोहोचता येतं. ओहोटी तेव्हा पूर्ण व्हायच्या बेतात असते, अंधार पडेपर्यंत दीड तास मिळतो. मुक्काम करणं शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओहोटी मिळते.

पहिल्या खेपेला जाऊन-येऊन तीन किलोमीटर पुरे. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील, कारण वाळूत टाच खाली जाते आणि पोटरीला रोजच्यापेक्षा जास्त ताण पडतो. ते दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. टाचेच्या वरच्या शिरेत कळ येत असेल तर मात्र पुढची फेरी लांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नाहीतर पुढच्या पंधरवड्याला पाच किलोमीटर, त्याच्या पुढच्या पंधरवड्याला पूर्ण पुळण.